मोफत एसएसएल सर्टिफिकेट कुणाचं घ्यावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची छोटी वेबसाइट मी सांभाळतो. पुस्तकांची यादी, नव्याने आलेली मासिकं आणि सभासद नोंदणीचा फॉर्म, एवढंच तिच्यावर आहे. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि जन्मतारीख भरावी लागते. साइट अजून साध्या एचटीटीपीवर, म्हणजे माहिती उघडीच पाठवणाऱ्या पद्धतीवर, असल्यामुळे क्रोममध्ये पत्त्याच्या आधी 'सुरक्षित नाही' असं येतं. ते बघून काही सभासदांनी फॉर्म अर्धवट सोडला आणि वाचनालयात येऊन विचारलं, साइटला व्हायरस लागलाय का?

होस्टिंग कंपनी 'बेसिक एसएसएल'चे, म्हणजे माहिती एन्क्रिप्ट होऊन (सांकेतिक रूपात) जावी यासाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटचे, वर्षाला साडेतीन हजार मागते. आमच्याकडे दिवाळी अंक आणि बाइंडिंग झालं की शिल्लक फारशी राहत नाही. मोफत सर्टिफिकेट मिळतं हे ऐकून होतो, म्हणून कार्यकारिणीत विषय काढला. त्यावर खजिनदारांनी विचारलं, "फुकट देणाऱ्याला यातून काय मिळतं? आणि उद्या त्याने गाशा गुंडाळला तर आपल्या सभासदांच्या माहितीचं काय?" मला हा प्रश्न रास्त वाटला.

मोफतमध्ये भरवशाचं कोणतं? त्याचं एन्क्रिप्शन विकतच्यापेक्षा कमी ताकदीचं असतं का? आणि डोमेनचं नाव टाकलं की लगेच सर्टिफिकेटची झिप फाइल उतरवून देणाऱ्या वेबसाइट्स असतात, त्या वापराव्यात का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

सर्व्हरवाली

कृष्णाकाठ, खजिनदारांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर कळलं की बाकीचं सोपं होतं.

सर्टिफिकेट देणारी संस्था तुमच्या सभासदांची माहिती कधीच बघत नाही. तुमच्या सर्व्हरवर किल्ल्यांची एक जोडी तयार होते. खासगी किल्ली सर्व्हरवरच राहते, सार्वजनिक किल्ली संस्थेकडे जाते. संस्था फक्त एवढं तपासते, की ही किल्ली पाठवणाऱ्याच्या ताब्यात ते डोमेन खरोखर आहे ना. असेल तर ती सही करून सर्टिफिकेट देते. नंतर सभासदाने भरलेला फॉर्म त्याच्या फोनमधून तुमच्या सर्व्हरपर्यंत एन्क्रिप्ट होऊन जातो, त्या वाटेवर सर्टिफिकेट देणारी संस्था कुठेच नसते. उद्या ती बंद पडली तरी माहिती उघडी पडत नाही. तुम्हाला दुसरीकडून नवं सर्टिफिकेट घ्यावं लागेल, इतकंच.

एन्क्रिप्शनची ताकद ब्राउझर आणि सर्व्हर आपसात ठरवतात. सर्टिफिकेटला तुम्ही किती पैसे मोजले याचा तिथे काहीही संबंध नसतो. साडेतीन हजारांचं 'बेसिक' आणि मोफत मिळणारं, दोन्ही एकाच प्रकारची: फक्त डोमेनचा ताबा तपासून दिलेली, म्हणजे डीव्ही.

आता फुकट कसं परवडतं ते. मोफत सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा चालवते ती इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था. फायरफॉक्सवाली मोझिला, डिजिटल हक्कांसाठी काम करणारी ईएफएफ आणि मिशिगन विद्यापीठातली मंडळी तिच्या उभारणीत होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये घोषणा झाली आणि डिसेंबर २०१५ पासून सर्टिफिकेट सगळ्यांना मिळू लागलं. पैसा प्रायोजक कंपन्या आणि देणग्या यांतून येतो. सगळं काम यंत्र यंत्राशी बोलून करतं, कुणी माणूस अर्ज बघत नाही, म्हणून एका सर्टिफिकेटमागचा खर्च नगण्य. फेब्रुवारी २०२० मध्येच त्यांनी शंभर कोटींचा आकडा ओलांडला होता.

वाचनालयासाठी माझं उत्तर लेट्स एन्क्रिप्ट. झिप देणाऱ्या साइट्सबद्दल वेगळं लिहिते, तो विषय गंभीर आहे.

शंकासुर

सर्व्हरवालीताई, तुमचं तांत्रिक म्हणणं मान्य. पण माझी हरकत नोंदवतो.

मोफत सर्टिफिकेट ही काही २०१५ नंतरची गोष्ट नाही. त्याआधी फुकट म्हटलं की स्टार्टएसएसएल हेच नाव पुढे यायचं. इस्रायलची स्टार्टकॉम कंपनी वर्षभराचं सर्टिफिकेट मोफत द्यायची, माझ्या ओळखीतल्या कितीतरी ब्लॉगवाल्यांनी घेतलं होतं. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा सर्व्हरच्या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरमधला दोष निघाला. किल्ल्या फुटल्या असण्याची शक्यता होती, जुनं सर्टिफिकेट रद्द करणं भाग होतं. तेव्हा कळलं की घेणं मोफत, पण रद्द करायला जवळपास २५ डॉलर. लोकांनी रद्दच केलं नाही! पुढे २०१६ मध्ये मोझिला, ॲपल आणि गूगल यांनी स्टार्टकॉमवरचा विश्वास काढून घेतला आणि त्यांची सर्टिफिकेटं टप्प्याटप्प्याने बाद होत साइट्सवर लाल पाटी येऊ लागली.

वाचनालयाच्या माणसाला हे सांगायला हवं. पैसे घेणाऱ्याला निदान जाब विचारता येतो. फुकट देणाऱ्याला कोण विचारणार?

ट्युलिप

शंकासुर, जाब विचारण्याबद्दल इथला, म्हणजे नेदरलँड्सचा, अनुभव सांगते.

डिजिनोटार नावाची डच कंपनी होती. मोफत अजिबात नव्हती, उलट इथल्या अनेक सरकारी साइट्सची सर्टिफिकेटं ती देत असे. नोटरींच्या वर्तुळातून आलेली, प्रतिष्ठित कंपनी. २०११ च्या उन्हाळ्यात हल्लेखोर तिच्या यंत्रणेत शिरले आणि त्यांनी ५०० हून जास्त खोटी सर्टिफिकेटं काढली. त्यातलं एक गूगलच्या सगळ्या उपडोमेनना चालणारं होतं. ते वापरून इराणमधल्या लोकांचं जीमेल मधल्या मध्ये वाचलं गेलं. कंपनीला घुसखोरी जुलैमध्येच कळली होती, तिने ती गुपचूप निस्तरायचा प्रयत्न केला. ऑगस्टअखेर एका इराणी वापरकर्त्याला क्रोममध्ये इशारा दिसला, त्याने तो गूगलच्या मदत-फोरमवर टाकला, तेव्हा जगाला समजलं.

सप्टेंबरमध्ये इथल्या गृहमंत्र्यांनी मध्यरात्र उलटून गेल्यावर पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, की सरकारी साइट्सच्या सुरक्षिततेची खात्री देता येत नाही. त्याच महिन्यात कंपनीचं दिवाळं निघालं. पैसे भरलेल्या ग्राहकांनी जाब कुणाला विचारायचा?

सिमँटेकचंही तसंच झालं. विकतच्या सर्टिफिकेटांतलं ते बडं प्रस्थ. चुकीची सर्टिफिकेटं दिल्याचं वारंवार उघड झाल्यावर क्रोमने टप्प्याटप्प्याने त्यांना बाद केलं, ऑक्टोबर २०१८ च्या क्रोम ७० पर्यंत ते पूर्ण झालं. म्हणून फुकट की विकत या प्रश्नात मला अर्थ दिसत नाही. चूक झाल्यावर ती संस्था लपवते की सांगते, यावरून मी भरवसा ठरवते.

टर्मिनल_नाना

ट्युलिपताई, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. त्याला दोन उदाहरणं जोडतो, एक आपल्या देशातलं.

जुलै २०१४ मध्ये गूगलला दिसलं, की त्यांच्या काही डोमेनची सर्टिफिकेटं भलत्याच कुणीतरी दिली आहेत. ती देणारी होती आपली एनआयसी, सरकारी संगणकसेवा सांभाळणारी संस्था. एनआयसीला अधिकार होता तो भारत सरकारच्या सीसीएकडून, म्हणजे प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकाकडून. सीसीएचं मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू संस्थांच्या यादीत असल्याने विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोररसारख्या प्रोग्रामना ही खोटी सर्टिफिकेटं खरी वाटली असती. फायरफॉक्सची यादी स्वतःची आणि तिच्यात सीसीए नव्हतं, म्हणून त्याला धोका नव्हता. नंतर गूगलने सीसीएच्या सर्टिफिकेटांना जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन अशा मोजक्या डोमेनपुरतंच मर्यादित केलं.

यातून भरवसा नेमका कुठे राहतो ते कळतं. तो असतो ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या मूळ यादीत. मोझिला, ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या चौघांच्या याद्यांमध्ये जी संस्था आहे तिचंच सर्टिफिकेट कामाचं. सीएकर्ट हे त्याचं दुसरं टोक. ऑस्ट्रेलियातली, स्वयंसेवकांनी चालवलेली, मनापासून काम करणारी संस्था. मोफतही होती. पण मोठ्या ब्राउझरच्या यादीत ती कधीच येऊ शकली नाही, त्यामुळे सामान्य वाचकाला तिच्या सर्टिफिकेटवर इशाराच दिसायचा.

शंकासुर, स्टार्टकॉम बुडाली ती मोफत होती म्हणून नाही. चीनच्या वोसाइनने ती विकत घेतली आणि ते जाहीर केलं नाही. शिवाय वोसाइनने बंदी टाळण्यासाठी कमकुवत ठरलेल्या एसएचए-१ पद्धतीच्या सर्टिफिकेटांवर मागच्या तारखा टाकल्या होत्या. लपवाछपवी दोन्हीकडे.

आता लेट्स एन्क्रिप्टची चूक बघा. २९ फेब्रुवारी २०२० ला त्यांच्या प्रणालीत दोष सापडला. डोमेनमालकाने घातलेलं सीएए बंधन, म्हणजे सर्टिफिकेट कोणत्या संस्थेने द्यावं याची अट, काही वेळा नीट तपासलं जात नव्हतं. त्यांनी लगेच जाहीर केलं, सुमारे ३० लाख सर्टिफिकेटं बाधित असल्याचं सांगितलं आणि पाच दिवसांत त्यातली १७ लाखांहून अधिक रद्दही केली. उरलेली त्या मुदतीत रद्द केली नाहीत, कारण तेवढ्या साइट्स एकदम बंद पडल्या असत्या, आणि हेही त्यांनी उघडपणे लिहिलं. नियमावर बोट ठेवणाऱ्यांनी त्यावर टीका केली, ती वाजवी होती. पण सगळं प्रकाशात घडलं.

शंकासुर

नाना, ही बाजू पटली. तरी एक काळजी उरतेच. सगळं जग एकाच संस्थेच्या भरवशावर गेलं तर? ती एक दिवस आडवी झाली की वाचनालयापासून बँकेपर्यंत सगळेच अडकले.

सर्व्हरवाली

ही काळजी योग्य आहे, आणि तिच्यावर तोड आहे. लेट्स एन्क्रिप्टने सर्टिफिकेट मागण्याची जी पद्धत बसवली, एक्मे, ती मार्च २०१९ मध्ये आरएफसी ८५५५ म्हणून खुलं मानक झाली. तीच पद्धत आता गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस आणि झीरोएसएसएल या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थाही वापरतात. सर्व्हरवरचा प्रोग्राम तोच, फक्त त्यात पत्ता बदलायचा. गूगल आणि झीरोएसएसएलकडे आधी खातं उघडून त्याची ओळख प्रोग्रामला द्यावी लागते, लेट्स एन्क्रिप्टला तेवढंही लागत नाही.

झीरोएसएसएलबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांच्या वेबसाइटवरून हाताने घेतलीत तर ९० दिवसांची तीनच सर्टिफिकेटं मोफत. एक्मेच्या वाटेने गेलात तर ती मर्यादा नाही. आणि एक्मे डॉट एसएच हा लोकप्रिय प्रोग्राम ऑगस्ट २०२१ पासून काही न सांगता चालवला तर झीरोएसएसएलकडेच जातो. कित्येकांना आपलं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं नाही हे माहीतच नसतं. वाईट काही नाही त्यात, पण आपण काय वापरतोय हे माहीत हवं.

आता झिप देणाऱ्या साइट्सचं. कृष्णाकाठ, त्या झिपमध्ये खासगी किल्ली येते का ते बघा. येत असेल तर ती किल्ली तुमच्या सर्व्हरवर जन्मली नाही, बहुतेक वेळा त्यांच्या सर्व्हरवर जन्मली. तिची प्रत त्यांनी ठेवली की नाही हे तुम्हाला कधीही तपासता येणार नाही. ही भीती काल्पनिक नाही. २०१८ मध्ये ट्रस्टिको नावाच्या सर्टिफिकेट विकणाऱ्या ब्रिटिश कंपनीने ग्राहकांच्या सुमारे २३,००० खासगी किल्ल्या ईमेलने डिजिसर्ट या सर्टिफिकेट संस्थेला पाठवल्या. म्हणजे ग्राहकांच्या किल्ल्या तिने स्वतःजवळ ठेवल्या होत्या. ती सर्टिफिकेटं डिजिसर्टला रद्द करावी लागली. आणि हे विकत घेणारे ग्राहक होते!

किल्ली आपल्या सर्व्हरवर तयार व्हावी आणि तिथून कधीच बाहेर जाऊ नये. हा नियम मोडणारी कुठलीही सोय, फुकट असो वा महाग, नाकारा.

आंबेवाला

चांगला धागा. देवगडहून हापूसची ऑनलाइन ऑर्डर घेतो. सीझनमध्ये पेमेंट रोज येतं. मला एका एजंटने सांगितलं, की पैशाचा व्यवहार असेल तर मोफत चालत नाही, ईव्ही, म्हणजे कंपनीची ओळख तपासून दिलेलं सर्टिफिकेट, घ्या, ब्राउझरमध्ये पत्त्यापाशी हिरवी पट्टी येते, वर लाखो डॉलरची वॉरंटी. खरं का?

टर्मिनल_नाना

हिरवी पट्टी गेली हो. क्रोम ७७ आणि फायरफॉक्स ७० या २०१९ च्या आवृत्त्यांनी पत्त्याशेजारचं कंपनीचं नाव काढून टाकलं, कारण लोक ते बघून निर्णय घेत नाहीत असं संशोधनात दिसलं होतं. २०२३ मध्ये तर क्रोमने कुलपाचं चित्रही काढलं, कुलूप म्हणजे साइट प्रामाणिक असा गैरसमज पसरला होता म्हणून. फसव्या साइटलाही सर्टिफिकेट मिळतं, हे प्रत्येक वापरकर्त्याने समजून घ्यायला हवं. सर्टिफिकेट पत्त्याची खात्री देतं, दुकानदाराच्या सचोटीची देत नाही.

तुमचं पेमेंट बहुधा गेटवेच्या पानावर होतं. कार्डाचा नंबर तिथे भरला जातो, तुमच्या सर्व्हरवर येत नाही. तुमच्याकडे येतो गिऱ्हाइकाचा पत्ता, फोन आणि डझनांचा हिशोब. त्यासाठी डीव्ही पुरेसं आहे. आणि ती वॉरंटी संस्थेने सर्टिफिकेट चुकीचं दिलं तर लागू होते, तुमची साइट हॅक झाली तर नाही. अटी वाचा, मग पैसे द्यायचे का ते ठरवा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. खूप गोष्टी स्पष्ट झाल्या. आता प्रत्यक्ष अडचण सांगतो. आमच्या होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये, म्हणजे साइट सांभाळायच्या पानावर, आपोआप सर्टिफिकेट देणाऱ्या ऑटोएसएसएलचं बटण दिसत नाही. विचारल्यावर उत्तर आलं, "तुमच्या प्लॅनमध्ये मोफत एसएसएल नाही, बाहेरून आणलंत तर बसवून देऊ, प्रत्येक वेळचा चार्ज वेगळा." सर्व्हरवर कमांड चालवायची परवानगी नाही. मग हाताने ९० दिवसांनी नवं आणून चढवत बसू का?

सर्व्हरवाली

नका. तीन महिन्यांनी कुणीतरी आठवणीने करेल ही आशा टिकत नाही. परीक्षा, लग्नसराई, पालखी, काहीही मध्ये येतं आणि साइट लाल होते. लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी मुदत संपण्याआधी ईमेल करायचं, तेही त्यांनी जून २०२५ पासून बंद केलं.

पुढे तर हे आणखी कठीण होणार आहे. ब्राउझर आणि सर्टिफिकेट संस्था मिळून नियम ठरवतात त्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ॲपलचा प्रस्ताव मंजूर केला. सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. हे विकतच्यालाही लागू आहे. साडेतीन हजार भरूनही तुम्हाला वर्षातून अनेकदा सर्टिफिकेट बदलावंच लागेल, आणि 'प्रत्येक वेळचा चार्ज' घेणाऱ्या कंपनीकडे त्याचं बिल किती होईल ते खजिनदारांना काढू द्या.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: होस्टिंग बदला. नवीन ठिकाणी पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा, 'माझ्या डोमेनला मोफत सर्टिफिकेट आपोआप मिळतं आणि आपोआप नवं होतं का?' हो म्हणणारे आज भरपूर आहेत, आणि त्यांचे दर तुमच्या सध्याच्या प्लॅनइतकेच किंवा कमी असतील.

ट्युलिप

होस्टिंग बदलेपर्यंत वाचक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मध्ये क्लाउडफ्लेअर ही सेवा ठेवता येईल. सप्टेंबर २०१४ पासून ते मोफत खात्यालाही सर्टिफिकेट देतात.

टर्मिनल_नाना

देतात, पण इथे सावध राहा. त्यांच्या 'फ्लेक्सिबल' सेटिंगमध्ये वाचकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंतच एन्क्रिप्शन असतं. तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंत सभासदाचा मोबाइल नंबर आणि जन्मतारीख उघडीच जाते, आणि वाचकाला ते कळायला मार्ग नाही. फॉर्म असलेल्या साइटला मी हे सेटिंग कधीच सुचवणार नाही. 'फुल स्ट्रिक्ट' ठेवा. त्यासाठी मूळ सर्व्हरवरही सर्टिफिकेट लागतं, पण ते क्लाउडफ्लेअर स्वतःच मोफत देतं आणि त्याची मुदत १५ वर्षांपर्यंत घेता येते. ते फक्त क्लाउडफ्लेअरलाच मान्य असतं, थेट ब्राउझरला नाही. होस्टिंगवाल्यांकडून एकदा बसवून घ्या, एकच चार्ज लागेल. ते सर्टिफिकेट मागताना किल्ली सीपॅनेलमध्ये तयार करा आणि क्लाउडफ्लेअरला फक्त सीएसआर, म्हणजे सार्वजनिक किल्ली असलेला सर्टिफिकेटचा अर्ज, द्या.

अर्थात यात सगळी वाहतूक त्यांच्या सर्व्हरवर उलगडली जाते. सर्टिफिकेट संस्था तुमची माहिती बघत नाही असं सर्व्हरवालीताईंनी वर लिहिलं, ते इथे लागू नाही, कारण इथे ते नुसते सर्टिफिकेट देणारे राहत नाहीत, मधले वाहक होतात. कार्यकारिणीला हे सांगून मगच करा.

सर्व्हरवाली

+१. ही तात्पुरती सोय म्हणूनच बघा.

नवीन होस्टिंगवर गेल्यावर नेमकं काय घडतं ते सांगते, म्हणजे अडलं तर कुठे बघायचं ते कळेल. सर्व्हरवरचा प्रोग्राम लेट्स एन्क्रिप्टला म्हणतो, हे डोमेन माझं. तिकडून एक टोकन येतं, अक्षरांची लांबलचक ओळ. ते टोकन असलेली फाइल तुमच्या साइटच्या 'डॉट वेल-नोन' फोल्डरमधल्या 'एक्मे-चॅलेंज' या उपफोल्डरमध्ये ठेवली जाते. मग त्यांचे सर्व्हर पोर्ट ८० वरून, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या दारातून, येऊन ती फाइल वाचतात. जुळली की सर्टिफिकेट तयार, हे सगळं काही सेकंदांत.

आपल्याकडे इथे हमखास अडतं ते असं: सुरक्षिततेसाठी म्हणून होस्टिंगवाल्यांनी किंवा कुणा प्लगइनने भारताबाहेरचे आयपी बंद केलेले असतात. लेट्स एन्क्रिप्ट एकाच जागेवरून तपासत नाही, २०२० पासून जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तपासतं, म्हणजे एखाद्या ठिकाणचं नेटवर्क कुणी वळवलं तरी फसवणूक होऊ नये. परदेशी आयपी बंद असतील तर तुमच्या मोबाइलवर साइट छान उघडते आणि सर्टिफिकेट मात्र मिळत नाही. लोक तासन् तास डोकं धरून बसतात. दुसरं, पोर्ट ८० बंद करू नका. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर वळवा, पण दार उघडं ठेवा.

आणि प्रयोग करताना त्यांचा चाचणीचा सर्व्हर वापरा. खऱ्या सर्व्हरवर त्याच नावांच्या संचासाठी आठवड्यात पाचच सर्टिफिकेटं मिळतात, त्यानंतर थांबावं लागतं.

माळावरची

वाचनमात्र होते, पण एक विचारावंसं वाटलं. माझ्या सासरी, मराठवाड्यात, अजून खूप जुने अँड्रॉइड फोन आहेत. लेट्स एन्क्रिप्टच्या साइट्स त्यांच्यावर उघडत नाहीत असं ऐकलंय. गावच्या वाचनालयाच्या सभासदांना हीच अडचण येणार नाही का?

टर्मिनल_नाना

महत्त्वाचा मुद्दा. लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं मूळ, आयएसआरजी रूट एक्स१, हे अँड्रॉइड ७.१.१ पासून फोनच्या यादीत आहे. त्याआधीच्या फोनना ते ओळखीचं नाही. सुरुवातीला आयडेनट्रस्ट कंपनीच्या, फोनना ओळखीच्या जुन्या मुळाचीही सही जोडलेली होती म्हणून चाललं. ते जुनं मूळ ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि त्या दिवशी जगभर जुनी उपकरणं अडखळली. अँड्रॉइडसाठी आणखी तीन वर्षं एक खास सोय ठेवली होती, तीही सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. आता ७.१.१ च्या आधीच्या फोनवर क्रोममध्ये इशाराच येतो.

तुमच्या सभासदांत असे फोन खरोखर असतील तर गूगल ट्रस्ट सर्व्हिसेसचं सर्टिफिकेट बघा. त्याची साखळी ग्लोबलसाइनच्या खूप जुन्या मुळापर्यंत पोचते, ते जुन्या फोनमध्येही असतं. झीरोएसएसएलचंही तसंच, त्याच्यामागे सेक्टिगोची जुनी मुळं आहेत. फक्त सर्व्हरवर सर्टिफिकेटसोबत पूर्ण साखळी चढवलेली हवी, म्हणजे 'फुलचेन' नावाची फाइल. नुसतं स्वतःचं सर्टिफिकेट चढवलं तर लॅपटॉपवर ठीक दिसतं आणि फोनवर अडतं.

कृष्णाकाठ, वाचनालयात येणाऱ्यांच्या हातातले फोन बघा आणि त्यावर ठरवा. कुणी सभासद बाहेर राहू नये यासाठी माझी पसंती बदलायला मी तयार आहे.

कृष्णाकाठ

नाना, माळावरची, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे ज्येष्ठ सभासद बरेच आहेत, नातवंडांचे जुने फोन वापरणारे. वाचनालयात फोन बघूनच ठरवतो. होस्टिंग बदलण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे मांडतोय, ४७ दिवसांच्या नियमासकट.

अजून एक. आमच्या डोमेनचं सर्टिफिकेट दुसऱ्या कुणी काढलंय का, हे कळू शकतं का?

ट्युलिप

हो, आणि डिजिनोटारच्या प्रकारानंतरच ही सोय उभी राहिली. सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी म्हणतात. दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवह्यांत जातं, तिथे नसेल तर क्रोम आणि सफारी ते मानत नाहीत. सीआरटी डॉट एसएच या साइटवर तुमचं डोमेन टाकलंत की आजवर निघालेली सगळी सर्टिफिकेटं दिसतील, कुणी दिली, कधी दिली यासकट.

याचा अर्थ तुमच्या उपडोमेनची नावंही सगळ्यांना दिसतात. कच्ची चाचणी साइट वेगळ्या नावाने ठेवून ती कुणाला माहीत नाही असं समजू नका.

सोबत डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींमध्ये, सीएए नोंद घाला, एकाच ओळीची असते. 'या डोमेनला फक्त अमुक संस्थेनेच सर्टिफिकेट द्यावं' असं तिच्यात सांगता येतं. सप्टेंबर २०१७ पासून ती तपासणं सर्व संस्थांना बंधनकारक आहे. पर्यायी संस्था ठरवली असेल तर तिचंही नाव आत्ताच घाला, नाहीतर ऐन गरजेच्या वेळी आपलीच नोंद आडवी येईल.

शंकासुर

हा सीएए प्रकार आवडला. मालकाच्या हातात काहीतरी आहे म्हणायचं.

माळावरची

आमच्या महिला बचत गटासाठी देवनागरीतलं डॉट भारत डोमेन घेतलंय. त्याला मोफत सर्टिफिकेट मिळेल का? सर्टिफिकेट आणून देणाऱ्या सर्टबॉट या प्रोग्रामला देवनागरी नाव दिलं तर तो नाकारतो.

सर्व्हरवाली

मिळतं. लेट्स एन्क्रिप्ट ऑक्टोबर २०१६ पासून अशा डोमेनना सर्टिफिकेट देतं. सर्टबॉटला मात्र देवनागरी अक्षरं चालत नाहीत, पुनीकोड, म्हणजे इंग्रजी अक्षरांतलं, रूप द्यावं लागतं. डॉट भारतचं ते रूप 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होतं, तुमच्या नावाचंही तसंच असेल. ज्यांच्याकडून डोमेन घेतलंत त्यांच्या पॅनेलवर ते बहुतेक लिहिलेलं असतं, तिथून जसंच्या तसं उचला, हाताने टाइप करू नका. एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचं नावही त्याच रूपात लिहा, दोन्हीकडे वेगळं राहिलं तर सर्टिफिकेट मिळूनही साइट भलतंच पान दाखवते. काना, वेलांटी किंवा जोडाक्षर वेगळ्या प्रकारे टाइप झालं तर पुनीकोड बदलतो, म्हणून डोमेन घेताना नोंदवलेलं रूपच खरं धरा. अडलं तर सर्टबॉट काय म्हणतोय ते इथे टाका, बघते.